खताला तोटा नव्हता, तरी गुलाब पिवळेच: कसबा बावड्यातल्या एका बागेचं प्रकरण

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात जुनं कौलारू घर पाडून त्याच जागेवर बांधलेला बंगला. पुढं गेट, मागं न्हाणी, आणि न्हाणीपासून गेटपर्यंत कंपाउंडच्या भिंतीला लागून कलमी गुलाबांची एक लांब रांग. त्यात ग्लॅडिएटर, क्वीन एलिझाबेथ, डबल डिलाइट ही ओळखीची नावं; बाकीची झाडं रोपवाटिकेतून रंग बघून आणलेली. काकी निवृत्त शिक्षिका आहेत, त्यामुळं कुठल्या तारखेला काय घातलं याची वही ठेवलेली. तक्रार एका वाक्याची होती, "मी तर दर आठवड्याला काय ना काय घालतोच की, तरी पानं पिवळीच. मग अजून काय घालायचं?"

मी बाग बघितली ती सप्टेंबर सरताना, पाऊस ओसरल्यावर. उन्हाळ्यापासूनच फूट बारीक होती, कळ्या लहान, फूल उमललं तरी दोन दिवसांत पाकळ्या गळून जायच्या. पावसाळ्यात पिवळेपणा आणखी वाढला. माळीमामांचं मत होतं की झाडं उपाशी आहेत, युरिया टाका. काकांचं मत, सगळी मातीच बदलून टाकू. दुकानदाराचं मत वहीत लिहिलेलं होतं: डीएपी, म्हणजे नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) यांचं खत.

वही वाचली तेव्हा झाडं उपाशी असतील यावर माझा विश्वास बसेना. वर्षभरात चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं, केळीच्या सालींचं पाणी, महिन्याला दोन मुठी बोनमील (हाडाचा चुरा), मार्चपासून डीएपी, मे महिन्यात १९:१९:१९ ची (नत्र, स्फुरद आणि पालाश म्हणजे पोटॅशियम सारख्याच प्रमाणात असलेल्या खताची) फवारणी, मग कुणीतरी सांगितलं म्हणून एप्सम सॉल्ट. आणि पानोपानी एक नोंद, "राख घातली." घरात अजून बंब आहे. शेणी आणि लाकडं जाळून रोज पाणी तापतं आणि राख निघते. ती वाया कशाला घालवायची, म्हणून गेली काही वर्षं ती गुलाबांच्या बुंध्याशी जात होती. वहीचा क्रम नीट पाहिला तर प्रत्येक नव्या खताच्या आधी "पानं पिवळी" अशी नोंद आहे. म्हणजे पिवळं दिसलं की घाला, आणखी पिवळं झालं की आणखी काहीतरी घाला.

पान काय सांगत होतं

पिवळं पान म्हटलं की आपल्याकडं सरसकट "नत्र कमी" असं निदान होतं. गुलाबात तरी ते घाईचं आहे. कुठलं पान पिवळं, हे आधी बघायचं. नत्र कमी पडलं तर झाड जुन्या पानांतलं नत्र ओढून नव्या फुटीला देतं, म्हणून खालची पानं आधी आणि सगळीच्या सगळी फिकट होतात. मॅग्नेशियमचंही तसंच, सुरुवात खालच्या पानांपासून, फक्त तिथं शिरांच्या मधला भाग पिवळा होतो. लोहाचं उलटं आहे. एकदा पानात बसलेलं लोह झाडाला तिथून हलवून शेंड्याकडं नेता येत नाही. त्यामुळं कमतरता दिसते ती शेंड्याच्या कोवळ्या पानांत.

काकींनी मला खालची पानं दाखवली नव्हतीच, कारण ती गर्द हिरवी होती. मी शेंड्याचं एक पान तोडून उजेडात धरलं. पातं जवळजवळ लिंबाच्या सालीच्या रंगाचं, काही ठिकाणी पांढरटच, आणि त्यावर शिरांची जाळी हिरव्या दोऱ्यानं विणल्यासारखी उठून दिसत होती. अगदी बारीक उपशिरासुद्धा हिरव्या. कडेला तपकिरी, कुरकुरीत पट्टी. पान उलटं करून बघितलं, लाल कोळी या किडीची जाळी किंवा ठिपके नव्हते. काळ्या ठिपक्यांचा रोग होता, पण तो खालच्या पानांवर, पावसाळ्यात बावड्यात कुणाच्या गुलाबावर नसतो म्हणा.

नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या, जुनी पानं ठीक: हे लोहाचंच चित्र. मग एप्सम सॉल्टनं काही फरक पडला नाही यात नवल नाही, कारण ते मॅग्नेशियमचं औषध.

पण लोह कमी म्हणजे मातीत लोह नाही असं नव्हे. आपली माती बेसाल्टपासून झालेली आहे, लोहाला तोटा नाही. पन्हाळ्याकडं जाताना दिसणारी तांबडी माती लोहानंच तांबडी असते. प्रश्न ते विरघळून मुळाला मिळतं का, एवढाच. मातीचा सामू (पीएच, म्हणजे माती आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) एक अंकानं वर गेला की विरघळलेल्या लोहाचं प्रमाण सुमारे हजार पटीनं घटतं. साडेसहा सामूच्या मातीत गुलाब सुखानं वाढतो. साडेआठला तेच लोह मातीत गंजासारखं पडून राहतं. ताट वाढलेलं, पण झाकण निघत नाही, अशी अवस्था.

रांगेतला फरक

निदान पक्कं झालं ते पानावरून नव्हे, रांग चालत गेल्यावर. न्हाणीजवळची झाडं सगळ्यात पिवळी. मधली मध्यम. गेटजवळची जवळजवळ ठणठणीत. गेटपाशी एक देशी गुलाब होता, तो मी हिशेबात धरला नाही, कारण तो स्वतःच्या मुळांवर असतो, कलमी झाडाशी त्याची तुलना करणं बरोबर नाही. पण ग्लॅडिएटरची तीन झाडं होती, एकाच रोपवाटिकेतली, एकाच वेळी लावलेली. एक न्हाणीपाशी, एक मध्ये, एक गेटाशी. जात तीच, वय तेच, ऊन थोडंफार तेच. न्हाणीपाशी पिवळं आणि गुडघ्याएवढं, गेटाशी कमरेच्या वर.

बोनमील, डीएपी सगळ्यांना सारखंच घातलेलं. मग फरक कशाचा? राखेचा. गरम राखेची पाटी उचलून कोण गेटपर्यंत जातं? बंबापासून जवळ जे झाड, त्याला जास्त. काकी हसल्या आणि म्हणाल्या, "होय की ओ, तिकडं मी कधी नेतोच नाही."

स्वयंपाकघरातून लिंबू मागवलं. न्हाणीजवळची कोरडी माती बशीत घेऊन वर रस पिळला, तर बुडबुडे फसफसत वर आले. गेटजवळच्या मातीवर थोडेसेच आले. घरच्या घरी मातीतला चुना ओळखायची ही सोपी युक्ती. आम्लाशी चुन्याचा संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो. आकडा मिळत नाही, पण दिशा कळते. लाकडाच्या राखेत पालाश असतं म्हणून लोक ती घालतात, आणि ते खरंही आहे, पण राखेचा मोठा वाटा कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुन्याचाच असतो. अंड्याची टरफलंही तीच वस्तू, फक्त भरडली नाहीत तर विरघळायला फार वेळ घेतात, म्हणून त्यांचा दोष इथं किरकोळ.

चुन्याचे आणखी दोन वाटेकरी निघाले. भिंतीकडेला वीतभर खोदल्यावर जुन्या घराच्या गिलाव्याचे तुकडे हाताला लागले. घर पाडल्यावर राडारोडा तिथंच दाबून वर काळी माती ओढलेली. आणि बागेला पाणी बोअरचं. बंबाच्या तोटीवर जाड पांढरा थर होता, तोच प्रकार या पाण्यानं मातीत होत होता. जड पाण्यातलं बायकार्बोनेट मुळाभोवतीचं आम्ल मारून टाकतं. लोह सोडवून घ्यायला झाड मुळातून थोडं आम्ल सोडत असतं, तेवढाही उपाय मग चालत नाही. पावसाळ्यात पिवळेपणा का वाढला याचंही उत्तर इथंच आहे. बावड्याची काळी माती पाऊस लागला की पाणी धरून ठेवते, मुळांना हवा मिळत नाही, आणि चुनखडीच्या ओल्या मातीत बायकार्बोनेट आणखी साठतं. पावसात खत वाहून गेलं असेल म्हणून ऑगस्टमध्ये काकींनी डीएपीचा जादा हप्ता दिला होता. धो-धो पावसात गुलाबाला खत देऊच नये. नत्र वाहून जातं आणि बाकीचं साठतं.

माती तपासून घेतली. नमुना घेताना वरचा खताचा थर बाजूला सारून वीतभर खोलीची माती, रांगेच्या दोन टोकांची वेगवेगळी. सगळी एकत्र कालवून दिली असती तर सरासरी आकडा आला असता आणि फरक झाकला गेला असता. न्हाणीकडचा सामू ८.४, गेटकडचा ७.६. न्हाणीकडं मुक्त चुना ७ टक्के. पालाश भरपूर, स्फुरद अति जास्त. उपलब्ध लोह न्हाणीकडं २ पीपीएमच्या (दहा लाख भागांत दोन भाग) आसपास, आपल्याकडं ४.५ पीपीएमच्या खाली गेलं की कमतरता धरतात.

स्फुरदाच्या आकड्याकडं काकी बराच वेळ बघत होत्या. डीएपीमध्ये ४६ टक्के स्फुरद असतं. बोनमीलमध्येही मुख्यतः स्फुरदच, पण हाडाचा चुरा आम्लधर्मी मातीतच नीट विरघळतो. आठाच्या वर सामू असलेल्या मातीत तो नुसता पडून राहतो. गुलाबाला बोनमील हवंच, ही समजूत जिथली आहे तिथं ती बरोबर असेल, बावड्याच्या काळ्या मातीत त्यात अर्थ नाही. डीएपीचं स्फुरद मात्र झाडाला मिळालं आणि जास्त झालं, आणि जादा स्फुरद लोह आणि जस्ताच्या वाटेत येतं. नत्र पावसानं जातं, स्फुरद जात नाही, वर्षानुवर्षं तिथंच राहतं.

गंधकाचा हिशेब

सामू वाढलाय ना, मग गंधक टाका, असं कुणीही सांगेल. मातीतले जिवाणू गंधकाचं आम्ल करतात आणि सामू उतरतो, हे बरोबरच आहे. पण आधी गणित करून बघावं. एक चौरस मीटर जागा, वीतभर खोल, म्हणजे साधारण अडीचशे किलो माती. तिच्यात ७ टक्के चुना म्हणजे साडेसतरा किलो. एक किलो चुना संपवायला ३२० ग्रॅम गंधक लागतं, तर एवढ्याला साडेपाच किलोच्या वर. एका चौरस मीटरला! तेवढं गंधक घातलं तर गुलाबच राहायचा नाही. चुनखडीची जमीन सगळीच्या सगळी बदलायच्या भानगडीत पडू नये. काकांचा माती बदलायचा विचारही याच कारणानं मागं पडला. राडारोडा भिंतीखाली कुठपर्यंत गेलाय कुणाला ठाऊक, आणि बोअरचं पाणी तेच राहणार.

म्हणून सगळी माती सोडून मुळांसाठी थोडी जागा तयार केली. प्रत्येक झाडाच्या दोन बाजूंना, बुंध्यापासून दीड वीत लांब, फूटभर खोल दोन खड्डे. त्यातली माती आणि गिलाव्याचे तुकडे काढून पूर्ण कुजलेलं शेणखत आणि दोन चमचे दाणेदार गंधक मिसळून भरलं. या छोट्या जागेत चुना नाही, त्यामुळं थोडं गंधकही काम करतं. गुलाबाची तंतुमुळं चांगल्या जागेचा पत्ता शोधून काढतात. शेणखत कुजलेलंच हवं, हे माळीमामांना दोनदा सांगितलं. कच्च्या शेणातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते, आणि हुमणी काय करते हे कोल्हापुरात ऊसवाल्यांना शिकवायला नको.

लोहासाठी चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकून पडू नये म्हणून दुसऱ्या रेणूत धरून ठेवलेलं लोह. दुकानात ईडीटीए प्रकारचं सहज मिळतं आणि स्वस्तही असतं, पण सामू साडेसहाच्या वर गेला की ते लोह सोडून देतं, मग ते मातीत घालणं म्हणजे पैसे पुरणं. चुनखडीच्या मातीत ईडीडीएचए प्रकारचं लागतं. ते महाग असतं, पण झाडाला तीन ग्रॅम पुरतं. बादलीत टाकलं की पाणी गर्द लाल होतं. काकींच्या नातवाला ते कोकम सरबत वाटलं, त्यामुळं डबा कुलपात गेला. आधी साधं पाणी देऊन माती ओली केली, मग हे द्रावण खड्ड्यांवर ओतलं. जोडीला एकदा फवारणीही केली: लिटरला ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम लिंबूसत्त्व (सायट्रिक आम्ल), गच्चीवरून पिंपात धरलेल्या पावसाच्या पाण्यात, संध्याकाळी. आधी एका फांदीवर करून दोन दिवस वाट बघितली, कारण हिराकसनं कोवळी पानं करपू शकतात. बोअरच्या पाण्यात हे कालवलं तर लोह भांड्यातच तांबूस होऊन तळाशी बसतं.

आणि बंद काय केलं? राख, टरफलं, बोनमील, डीएपी, १९:१९:१९, एप्सम, सगळं. चहाचा चोथा चालेल, पण धुऊन, नाहीतर दुधा-साखरेनं मुंग्या होतात.

छाटणी दसऱ्यानंतर, ऑक्टोबरच्या मध्यात केली. कोल्हापुरात हाच योग्य वेळ, पाऊस गेलेला आणि थंडी यायची असते. वाळक्या, आत वळलेल्या फांद्या काढल्या, डोळा भरलेल्या (कलम केलेल्या) जागेच्या खालून आलेली रानफूट मुळापाशीच ओढून तोडली. कात्रीनं कापली तर ती परत येते. न्हाणीजवळची झाडं अशक्त होती म्हणून त्यांना हलकीच छाटणी दिली. पानंच झाडाचं स्वयंपाकघर, अशक्त झाडाची सगळी पानं काढून चालत नाही.

छाटणीनंतर लगेच खताची घाई नको. मुळं तेवढी काम करत नसतात. पंधरा दिवसांनी लाल फूट बोटभर झाल्यावर पहिला हप्ता दिला: अमोनियम सल्फेट, झाडाला २० ग्रॅम, म्हणजे साधारण चार ग्रॅम नत्र. दुसरा तेवढाच, कळी वाटाण्याएवढी झाल्यावर. बस. मातीत स्फुरद-पालाश उदंड पडलेलं, मग तिन्ही अन्नद्रव्यांचं पोतं कशाला आणायचं? युरियाऐवजी अमोनियम सल्फेट एवढ्यासाठी की ते आम्लधर्मी आहे आणि त्यात गंधकही येतं. पण चुनखडीच्या मातीवर वरच्या वर भुरभुरलं तर त्यातला अमोनिया हवेत उडून जातो. बुंध्यापासून वीतभर लांब गोल चर काढून त्यात टाकायचं, माती सारायची आणि लगेच पाणी द्यायचं. वरून उसाचं पाचट अंथरलं. बावड्यात ते मागायचाही अवकाश नाही, कुणीही देतं. पाचटामुळं बोअरचं पाणी कमी द्यावं लागलं, हा त्याचा मोठा उपयोग.

व्हरांड्यातल्या कुंड्यांचं वेगळं होतं. त्यांच्या काठाला पांढरी खरड चढलेली, म्हणजे खताचे क्षार साठलेले. पानांच्या कडा जळल्या होत्या त्या तिथं जास्त. नळाचं पाणी भरपूर ओतून खालून वाहू दिलं, तासाभरानं पुन्हा, आणि पुन्हा. त्यानंतर कुंडीला एका वेळी चिमूटभरच खत, दर पंधरा दिवसांनी.

पुढं काय झालं

जुनी पिवळी पानं फारशी हिरवी झाली नाहीत, आणि ती व्हायचीही नव्हती. नवी फूट बघायची. लोह दिल्यावर आठ-दहा दिवसांत आलेली पानं हिरवी होती, आणि छाटणीनंतरची फूट तांबूस, जाड आली. गेटकडच्या झाडांना डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात फुलं लागली. छाटणीपासून पन्नासएक दिवस, म्हणजे वेळेतच. गेटजवळच्या ग्लॅडिएटरचं फूल काकींनी अंबाबाईला वाहिलं. मधल्या झाडांना फुलं आली पण देठ आखूड. न्हाणीजवळचं ग्लॅडिएटर सावरलं, मात्र जानेवारीत शेंडे पुन्हा फिकट पडायला लागले आणि लोहाचा दुसरा हप्ता द्यावा लागला. चुनखडीच्या मातीत हे असंच चालणार, वर्षातून दोन-तीनदा. अगदी बंबाला खेटून असलेलं डबल डिलाइट गेलं. उपटल्यावर मुळं काळी, कुजकी निघाली आणि त्यांना चिकटून राखेचा घट्ट थर. तिथं आता गुलाब लावायचा नाही असं ठरलंय. कढीपत्ताही नको, त्याचीही पानं अशा मातीत पिवळी पडतात.

नोव्हेंबरात एक गंमत झाली. मधल्या क्वीन एलिझाबेथला माळीमामांनी शेंगदाणा पेंड भिजवलेलं पाणी दिलं, आणि ते दहापट पातळ करायचं सोडून घट्टच दिलं. फूट हातभर लांब, लुसलुशीत आली. आठवड्यात शेंडे माव्यानं (रस शोषणाऱ्या किडीनं) भरले आणि पाठोपाठ भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी. शेजारची झाडं स्वच्छ. मामा म्हणाले, "जोर तर आला की!" जोर आला होता, फुलं मात्र त्या झाडाला सगळ्यांत कमी आली. पेंड वाईट नाही, शेंगपेंडीत सात टक्क्यांच्या आसपास नत्र असतं आणि ते सावकाश मिळतं. पण अमोनियम सल्फेटच्या जोडीला ती दिली की नत्र दुप्पट होतं.

वही अजून चालू आहे. तिच्यात आता काकींनी एक जादा रकाना आखलाय: "नवं पान कसं आहे." खत घालायच्या आधी तो भरायचा. जून ते ऑगस्ट या पानांवर त्यांनी आधीच आडवी रेघ मारून ठेवलीय.

बंब काही बंद होणार नाही. राख पोत्यात साठते आणि दिरांच्या शाहूवाडीकडच्या शेतात जाते. तिकडची जांभ्याची माती जोराच्या पावसानं धुऊन आम्लधर्मी झालेली असते, तिथं हीच राख सामू वर आणते आणि पालाशही देते. तरी टाकायच्या आधी तिथलीही माती तपासून घ्या, असं मी दिरांना कळवलंय. त्यांचा नमुना अजून आलेला नाही.